घरी राहिलेली दोन मतं

भाजीच्या कापडी पिशवीच्या तळाशी ती दोन पाकिटं सापडली तेव्हा निवडणूक होऊन सहा दिवस झाले होते. एकाच्या कोपऱ्याला कोथिंबिरीचं पाणी लागून हिरवट डाग पडला होता, दुसरं अगदी कोरं करकरीत. दोन्हींवर आमच्या सह्या होत्या. माझी नेहमीची, घाईघाईत मारलेली. नवऱ्याची मात्र नावातलं प्रत्येक अक्षर लागावं अशी, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करतात तशी. बॉस्टनपासून पाऊण तासावरचं आमचं हे छोटं गाव. वसंतातली स्थानिक निवडणूक, रस्त्याकडेचा बर्फ नुकताच वितळून चिखल झालेला. मतपत्रिका घरी टपालाने आल्या होत्या. आम्ही दोघांनी रविवारी चहा पिता पिता गोल काळे केले, पाकिटं चिकटवली आणि सोमवारी सकाळी नवऱ्याने ती माझ्या हातात दिली. "टाऊन हॉलवरूनच जातेस ना, तिथल्या पेटीत टाक." संध्याकाळी त्याने विचारलं, टाकलीस ना? मी हो म्हटलं. खोटं बोलले नाही. मला खरंच टाकल्यासारखं वाटत होतं. पेटीच्या फटीत पाकीट सरकवताना होणारा आवाजसुद्धा आठवत होता. तो बहुधा गेल्या वर्षीचा असावा.

बिघडलं काहीच नव्हतं. शाळेच्या नव्या इमारतीसाठी मालमत्ता कर वाढवायचा का, एवढाच काय तो गंभीर प्रश्न होता. आम्ही दोघांनीही 'हो'वर काळं केलं होतं आणि 'हो' चारशेहून जास्त मतांनी जिंकलं होतं. निकाल आला त्या रात्री नवरा खूश होऊन म्हणाला, "आपली दोन कामी आली." मी भांडी घासत होते. तेव्हा मला काही माहीत नव्हतं, म्हणून मीही हसले होते. पाकिटं सापडल्यावर त्याला सांगायला हवं होतं. पण मी ती परत पिशवीत ठेवली आणि पिशवी दाराच्या खुंटीला अडकवली.

चार दिवस ती तिथेच होती.

त्याच आठवड्यात वाचनालयात मला एक पुस्तकखूण मिळाली, फुकट वाटायला ठेवतात तसली. 'प्रत्येक मत मोलाचं' अशा थाटाचा मथळा आणि खाली एका ओळीत : १८३९ साली मार्कस मॉर्टन मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला तो एका मताने. मला त्या पुस्तकखुणेचा रागच आला. माझ्या पिशवीत काय आहे हे कुणीतरी ओळखून मुद्दाम ठेवल्यासारखी ती वाटली. आणि राग आला की मी त्या गोष्टीच्या मागे लागते, हा माझा जुना दोष आहे. पुढचे काही दिवस ऑफिसातून आल्यावर मी १८३९ सालातच राहायला गेले म्हणा ना.

त्या काळी इथे गव्हर्नरची निवडणूक दर वर्षी व्हायची. दर नोव्हेंबरात मतदान आणि जानेवारीत नवा, किंवा तोच, गव्हर्नर. एडवर्ड एव्हरेट हा व्हिग पक्षाचा माणूस १८३६पासून त्या खुर्चीत होता. विशीत पाय ठेवतो न ठेवतो तोच हार्वर्डात ग्रीकचा प्राध्यापक म्हणून नेमणूक, मग जर्मनीत जाऊन ग्यॉटिंगनची डॉक्टरेट, तीही अमेरिकेतल्या कुणाला मिळालेली पहिली. बोलायला उभा राहिला की लोक ऐकतच राहायचे. समोर डेमोक्रॅट मार्कस मॉर्टन, टॉन्टन गावचा वकील, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. हा न्यायाधीश १८२८पासून दर वर्षी गव्हर्नरपदाला उभा राहत होता आणि दर वर्षी पडत होता. न्यायासनावर बसून निवडणूक लढवायची, हरायचं आणि सोमवारी पुन्हा खटले ऐकायचे! आपल्याकडे गावोगावी असा एक तरी असतो. दर खेपेला अर्ज भरणारा, अनामत रक्कम घालवणारा, आणि 'या वेळी वारं फिरलंय' असं मनापासून सांगणारा. मॉर्टनची अनामत जात नव्हती, मतंही बऱ्यापैकी पडायची. पण हरण्याची सवय तीच.

वारं फिरलं ते दारूमुळे. एप्रिल १८३८मध्ये विधिमंडळाने एक कायदा केला आणि एव्हरेटने त्यावर सही केली. दारूबंदी थेट नव्हती. कायदा म्हणत होता की पंधरा गॅलनपेक्षा कमी दारू विकायची नाही, आणि घेतलेली सगळी एकदम घेऊन जायची. पंधरा गॅलन म्हणजे जवळजवळ सत्तावन्न लिटर. औषधापुरती सवलत डॉक्टरांना आणि औषधविक्याला. हेतू चांगला होता. गुत्त्यावर उभं राहून पेला पेला रिचवणाऱ्या माणसाचा संसार वाचावा असा. पण ज्याच्या घरात तळघर आहे आणि खिशात पैसा आहे त्याने पिंपच्या पिंप विकत आणावं, आणि दिवसभर गोदीत ओझी वाहिलेल्याला एक घोटही मिळू नये, हे काही लोकांच्या गळी उतरेना. मला तरी त्या कायद्यात ज्यांनी तो केला त्यांच्या बैठकीच्या खोल्याच दिसतात. स्वच्छ, उबदार, पुस्तकांनी भरलेल्या. गंमत म्हणजे ही माणसं आम्हा नगरकरांना अगदीच परकी नाहीत. बॉस्टनच्या ज्या मंडळाने १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली आमच्या नगरात मिशनरी पाठवले, ते आणि हे दारूविरोधी सुधारक एकाच धार्मिक उत्साहाच्या लाटेतले. लहानपणी नगरला मिशनच्या आवारातली जुनी झाडं पाहताना त्यांच्या मागे बॉस्टन आहे हे मला कुठे ठाऊक होतं.

लोकांनी या कायद्याला उत्तर दिलं ते डुकराने. १८३८च्याच शरदात डेडम गावी शिपायांच्या कवायतीचा मेळा भरला. तिथे एका पठ्ठ्याने तंबू ठोकला आणि पाटी लावली की आत पट्टेवाला डुक्कर आहे, बघायला या. तिकीट काही सेंट. आत गेलं की खरोखरच रंगाचे पट्टे ओढलेलं एक डुक्कर, आणि प्रेक्षकाला पाहुणचार म्हणून एक पेला रम, अगदी फुकट. दारू विकली कुठे? डुक्कर दाखवलं! त्या दिवशी काही लोक पुन्हा पुन्हा डुक्कर बघायला गेले म्हणतात. मी हे वाचून एकटीच हसले आणि नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं. मी डुकराची गोष्ट सांगितली. पाकिटांची नाही.

तर १८३९च्या नोव्हेंबरात लोक मतदानाला गेले. तेव्हा सरकारी मतपत्रिका नव्हती. पक्ष आपापल्या नावांच्या चिठ्ठ्या छापून वाटायचे आणि माणूस त्यांतली एक नेऊन पेटीत टाकायचा, सगळ्यांच्या देखत. सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका या राज्यात आली ती १८८८च्या कायद्याने. सात लाखांच्या वर वस्तीच्या राज्यात मतं पडली १,०२,०६६. मॉर्टनला ५१,०३४. एव्हरेटला ५०,७२५. उरलेली ३०७ भलत्याच नावांना, ज्यांना हाही नको होता आणि तोही. म्हणजे मॉर्टन एव्हरेटच्या ३०९ मतं पुढे होता. मग ते 'एक मत' आलं कुठून? तर त्या वेळी पुढे असणं पुरेसं नव्हतं. पडलेल्या एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागायची, आणि एकूण मतांत ती ३०७सुद्धा धरायची. १,०२,०६६चे निम्मे ५१,०३३. मॉर्टनला त्यापेक्षा एक जास्त.

इथे मला बाबा आठवले.

बाबा प्राथमिक शिक्षक. जनगणना, पल्स पोलिओ, निवडणूक, कुठलंही सरकारी काम निघालं की पहिला आदेश शाळेत. पण मतमोजणीचा आदेश आला की ते मनातून खूश व्हायचे, हे त्यांनी आदल्या रात्री पेन्सिलींना केलेल्या टोकांवरून कळायचं. तहसील कचेरीत सतरंज्या, जोडून ठेवलेली टेबलं, वर करकरणारा पंखा आणि पंख्याने मतपत्रिका उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड. पन्नास-पन्नासाची गठ्ठी, रबर लावायचं, वर चिठ्ठी. पहाटे घरी आले की बोटांना शाई आणि कागदाची धूळ, आणि अंगाला विडीचा वास, जो त्यांचा नसायचा. मग आंघोळीआधी चहा पिताना ते आईला आकडे सांगायचे. कोण जिंकलं हे शेवटी. आधी एकूण किती, वैध किती, बाद किती, बेरीज जुळली की नाही.

त्यांतली एक मोजणी आमच्या घरात कायमची राहून गेली. १९८०च्या दशकातली, ग्रामपंचायतीची. आमच्या वॉर्डातून बाबांचे बालमित्र उभे होते. मी त्यांना तात्या म्हणायचे. त्यांची निशाणी कपबशी. नेमकी आमच्या वॉर्डाची मतं बाबांच्याच टेबलावर आली आणि त्यांत एक मत असं निघालं की शिक्का बरोबर रेघेवर, अर्धा कपबशीत, अर्धा शिलाई मशीनमध्ये. बाबांनी ते संशयिताच्या ट्रेमध्ये ठेवलं, अधिकाऱ्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि बाद केलं. तात्या दोन मतांनी पडले. त्यानंतर कितीतरी वर्षं ते आमच्या घरी आले नाहीत. समोरून आले तर चप्पल दुरुस्त करायला वाकायचे. माझ्या लग्नात आले, अक्षता टाकल्या, जेवले नाहीत. लहानपणापासून मी हेच ऐकत आले होते : त्या रेघेवरच्या मताने मैत्री गेली.

हे सगळं डोक्यात घेऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले आणि वाणसामानाच्या यादीच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. बाबांची मुलगी आहे, आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी बेरीज करून बघते. समजा, मॉर्टनचा एक मतदार त्या दिवशी गेलाच नाही. गायीला वासरू झालं, पाय मुरगळला, काहीही. मग मॉर्टनची ५१,०३३, पण एकूण मतंही एकाने कमी, १,०२,०६५. निम्मे ५१,०३२ आणि वर अर्धं. मॉर्टन तरीही अर्ध्या मताने पुढे! तरीही गव्हर्नर! मी दोनदा करून पाहिलं. एक माणूस घरी राहिला असता तर काहीच बदललं नसतं. दोन राहिले असते तर मात्र ५१,०३२ आणि एकूण १,०२,०६४, बरोबर निम्मे, आणि निम्मे म्हणजे नापास. उलट बाजूनेही तसंच. एव्हरेटचा घरी बसलेला एक जण आला असता तर मॉर्टन वाचला असता. दोघं आले असते तर नाही. एका मताने खेळ फिरायला माणूस घरी बसून भागत नव्हतं, त्याने जाऊन दुसऱ्याची चिठ्ठी टाकायला हवी होती. पुस्तकखुणेवरचं वाक्य खोटं नव्हतं, पण ते माझ्यासारख्यांसाठी नव्हतं. घरी राहिलेलं मत त्या हिशेबात अर्धंच भरतं.

आणि माझ्या पिशवीत दोन होती.

पुढचं वाचताना मी एव्हरेटच्या प्रेमात पडेन असं मला वाटलं होतं. बहुमत नाही असं ठरलं असतं तर निवड विधिमंडळाकडे गेली असती, तिथे व्हिगांचं वर्चस्व, म्हणजे खुर्ची पुन्हा एव्हरेटची. गावोगावहून आलेली मतपत्रकंही तेच विधिमंडळ तपासणार होतं. एखाद्या गावच्या कागदावर सही नीट नाही, लखोटा बरोबर बंद केलेला नाही, एवढ्यावर भांडून एक मत उडवणं अवघड नव्हतं. एव्हरेट भांडला नाही. जानेवारी १८४०मध्ये मॉर्टनने शपथ घेतली आणि त्याच वर्षी पंधरा गॅलनचा कायदा रद्द झाला. मला हे फार आवडलं. आजूबाजूला जे काही बघतो त्यानंतर तर फारच. पण रात्री पडल्या पडल्या मन कुरकुरलं. एव्हरेटला असं सोडून देणं परवडत होतं. पुढे तो इंग्लंडात अमेरिकेचा राजदूत म्हणून गेला, हार्वर्डचा अध्यक्ष झाला, परराष्ट्रमंत्री झाला, सिनेटर झाला. १८६३मध्ये गेटिसबर्गच्या युद्धभूमीवर दोन तास बोलला आणि त्याच्यानंतर लिंकन दोन मिनिटं बोलला; जगाने ती दोन मिनिटंच लक्षात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी एव्हरेटनेच पत्र लिहून लिंकनला तसं कबूल केलं. हरण्याची कला त्या माणसाला अवगत होती यात शंका नाही. पण ज्याच्याकडे एकच खुर्ची असते, आमच्या तात्यांसारखी, आणि तीही वॉर्डाची, त्याच्याकडून ही ऐट कशी मागायची?

एका शनिवारी मी नवऱ्याला न सांगता टॉन्टनला गेले. म्हणजे जाते हे सांगितलं, का ते नाही. मॉर्टनला तिथल्या माउंट प्लेझंट दफनभूमीत पुरलंय. ओली गवतं, झाडांना नुकती फुटलेली लालसर पालवी, आणि दगडांवर शेवाळाने गिळलेली नावं. दीड तास हिंडून मला त्याचा दगड काही सापडला नाही. बुटांतून पाणी आत आलं. एक बाई कुत्र्याला फिरवत होती, तिला विचारावंसं वाटलं, पण 'एका मताने जिंकलेला माणूस कुठे आहे' हे कसं विचारायचं ते सुचेना. १८४०मध्ये तो लगेच हरला, हे मला गाडीत बसताना आठवलं. पुन्हा उभा राहत राहिला. १८४२ला कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, निवड विधिमंडळात गेली आणि तिथून तो परत गव्हर्नर झाला. पुढच्या वर्षी पुन्हा हरला. निम्म्याहून जास्तीची ती अट १८५५ साली राज्यघटनेतून काढून टाकली. बॉस्टनला लागून एव्हरेट नावाचं अख्खं शहर आहे. पंधरा गॅलनवाल्याच्या नावाच्या त्या शहरात आता भला मोठा कॅसिनो उभा आहे, आणि तिथे दारू पेल्यानेच मिळते.

घरी येऊन मी बाबांना फोन केला. तिकडे सकाळचे सात वाजले असतील. मागे नळाचा आणि कुणाच्या तरी रेडिओचा आवाज. मी पाकिटांचं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला वाटलाच होता.

"किती फरकाने?"

"चारशेच्या वर."

"मग झोप निवांत."

मी त्यांना मॉर्टनचं गणित सांगितलं. सगळे आकडे हळूहळू, ते लिहून घेत असल्यासारखे. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "बरोबर आहे. एकाने नाही, दोनांनी." आणि थोडं थांबून, "तात्याच्या वेळीही दोनच."

"पण ते रेघेवरचं मत..."

"ते एक होतं गं. धरलं असतं तरी तो एकाने पडलाच असता. एवढं गणित तात्याला येत होतं."

"मग ते बोलायचे का नाहीत?"

बाबा रेडिओ बंद करायला गेले असावेत, तो आवाज थांबला. "मला मतदानालाही परगावी ड्यूटी लागली होती. टपाली मताचा अर्ज भरायचा राहून गेला. लोकांना सांगत फिरलो, तात्याला द्या, आणि माझंच द्यायचं राहिलं. आणि तुझी आई..." ते थांबले. "तुला गोवर आला होता. आजीने तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. दोघांची दिली असती तर निदान बरोबरी होऊन चिठ्ठी उचलायची वेळ आली असती."

"आणि ते रेघेवरचं धरलं असतं तर?"

"हो," बाबा म्हणाले. "तेही मोजलंय मी."

"तात्यांना माहीत होतं? तुम्ही दोघं गेला नव्हता हे?"

"वॉर्डात मतं असतात किती? कोण आलं नाही ते सगळ्यांनाच माहीत असतं."

फोन ठेवला तेव्हा नवरा दारात उभा होता. एवढे आकडे कुणाशी बोलत होतीस म्हणाला. मी खुंटीवरची पिशवी काढली आणि दोन्ही पाकिटं टेबलावर त्याच्यासमोर ठेवली. तो काही बोलला नाही. डाग पडलेलं पाकीट त्याने उचललं, उलटं केलं, सही बघितली, मग नाकाशी नेऊन वास घेतला.

"कोथिंबीर?" तो म्हणाला.